पदवीचा ताळेबंद

बारावीचे निकाल लागतात, प्रवेशपरीक्षेचे गुण हाती येतात, आणि मग ज्या घरात अभियंता होऊ पाहणारा मुलगा वा मुलगी असेल, त्या घरात दोन कागद एकामागून एक येऊन पडतात. पहिला असतो महाविद्यालयाच्या प्रवेशाचा. तो सगळे घर वाचते, शेजारीपाजारीही कौतुकाने हाती घेऊन पाहतात. दुसरा असतो बँकेच्या कर्जाचा. त्यावर रक्कम असते, व्याजाचा दर असतो, फेडीची मुदत असते आणि खाली सह्यांसाठी मोकळी जागा असते. हा दुसरा कागद फारसे कोणी वाचत नाही. सही मात्र त्याच्यावरच करावयाची असते.

ऋण काढून सण करू नये, ही शिकवण मराठी माणसाच्या अंगात मुरलेली आहे. परंतु शिक्षण हा सण नव्हे, हेही तो जाणतो. सणासाठी काढलेले कर्ज सणाबरोबरच खर्ची पडते. शिक्षणासाठी काढलेले कर्ज विहिरीसाठी काढलेल्या कर्जासारखे असते. विहिरीला पाणी लागले तर शेत पिकते आणि कर्ज सहज फिटते. तथापि विहीर खणणारा शहाणा शेतकरी केवळ पाणी लागेल की नाही एवढेच विचारीत नाही. ते किती खोलीवर लागेल, किती दिवसांनी लागेल आणि तोवर हप्ता कोठून भरावयाचा, हेही तो आधी विचारतो. पदवीच्या बाबतीत हे प्रश्न विचारणारी घरे थोडी. पदवी फायद्याची की तोट्याची, एवढ्यावरच बहुधा चर्चा थांबते.

हा हिशेब कसा मांडावा, हे पाहण्यासाठी अभियांत्रिकीची एकच शाखा डोळ्यांसमोर ठेवणे सोयीचे होईल. ती शाखा म्हणजे औद्योगिक अभियांत्रिकी. ती निवडण्याचे कारण असे की, खर्च आणि लाभ यांचा तोल कसा पाहावा, हेच या शाखेचे एक मुख्य काम आहे. जी विद्या कारखान्याला हिशेब शिकविते, तिने आपल्या विद्यार्थ्यालाही स्वतःचा हिशेब शिकवावा, ही अपेक्षा गैर म्हणता येणार नाही.

या शाखेचा इतिहास मोठा बोधप्रद आहे. अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरातील मिडव्हेल पोलाद कारखान्यात १८८० नंतरच्या दशकात फ्रेडरिक टेलर या गृहस्थांनी हातात घड्याळ घेऊन कामगारांच्या कामाचे क्षण मोजावयास प्रारंभ केला. १९११ साली त्यांचा शास्त्रीय व्यवस्थापनावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यांचे समकालीन फ्रँक गिलब्रेथ यांनी गवंड्याच्या हालचालींचा अभ्यास केला आणि एक वीट रचण्यासाठी लागणाऱ्या अठरा हालचाली पाचांवर आणल्या. त्यांच्या पत्नी लिलियन गिलब्रेथ यांनी या शास्त्रात मानसशास्त्राची भर घातली; १९२४ साली पतीचे निधन झाल्यावर मोठ्या कुटुंबाचा भार सांभाळून त्यांनी हे कार्य पुढे नेले आणि १९३५ मध्ये पर्ड्यू विद्यापीठात त्या प्राध्यापक झाल्या.

या इतिहासातील एक गोष्ट प्रस्तुत विषयाशी विशेष निगडित आहे. टेलर हार्वर्डची प्रवेशपरीक्षा उत्तीर्ण झाले होते, तरी ते महाविद्यालयात न जाता एका कारखान्यात उमेदवार म्हणून राहिले. अभियांत्रिकीची पदवी त्यांनी १८८३ साली मिळविली, ती नोकरी सांभाळून. गिलब्रेथ यांनीही मॅसॅच्युसेट्सच्या प्रसिद्ध तंत्रसंस्थेची प्रवेशपरीक्षा दिली होती. परंतु वयाच्या सतराव्या वर्षी त्यांनी गवंड्याच्या हाताखाली उमेदवारी पत्करली. म्हणजे ज्या दोन पुरुषांनी या शास्त्राचा पाया घातला, त्या दोघांनीही आधी कमाई आणि मग विद्या, असा मार्ग चोखाळला होता. महाराष्ट्राला हा मार्ग अपरिचित नाही. १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन करणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी ‘कमवा आणि शिका’ हे सूत्र दिले, त्यातील तत्त्व हेच होते.

भारतात या शाखेला प्रतिष्ठा मिळाली ती स्वातंत्र्योत्तर काळात. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या साहाय्याने १९६३ साली मुंबईत विहार तलावाजवळ औद्योगिक अभियांत्रिकीची राष्ट्रीय प्रशिक्षण संस्था सुरू झाली. २०२३ मध्ये तिचे रूपांतर भारतीय व्यवस्थापन संस्थेत झाले. आज या विद्येचा जाणकार केवळ कारखान्यात आढळतो असे नाही. यंत्रांची मांडणी, मालाचा साठा, कामाची वेळ, गुणवत्तेची राखण ही त्याची मूळची कामे. पण गोदामे, रुग्णालये, विमानतळ, बँका अशा ठिकाणीही त्याची गरज भासते. विद्या उपयुक्त आहे, यात शंका नाही. प्रश्न आहे तो तिच्या किमतीचा आणि त्या किमतीच्या वेळेचा.

ही किंमत कुटुंबाच्या खांद्यावर कशी आली, हेही पाहिले पाहिजे. एकेकाळी महाराष्ट्रात अभियांत्रिकीची महाविद्यालये बोटांवर मोजण्याइतकी होती. जागा थोड्या, पण शुल्क अल्प. १९८३ साली वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना विनाअनुदान तत्त्वावर खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली. त्यामुळे जिल्ह्याजिल्ह्यांत, तालुक्यांतही महाविद्यालये उभी राहिली आणि ज्या घरात कोणी अभियंता होईल असे स्वप्नातही नव्हते, त्या घरांना दार उघडले. परंतु दार उघडले ते शुल्काच्या उंबऱ्यावरून. अनुदानाची जागा शुल्काने घेतली, आणि कालांतराने शुल्काची जागा कर्जाने घेतली. इंडियन बँक्स असोसिएशनने २००१ साली शैक्षणिक कर्जाची आदर्श योजना आखली. पुढे २०१५ मध्ये हमीनिधी स्थापन झाल्यावर त्या निधीच्या कक्षेत येणाऱ्या साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाला तारणाची वा त्रयस्थ जामिनाची अट उरली नाही. घर वा शेत गहाण न टाकता मुलगा शिकू लागला, ही मोठीच सोय झाली. मात्र त्याच्या सहीशेजारी सहकर्जदार म्हणून आई वा वडिलांची सही राहिली, हे विसरून चालणार नाही.

आता प्रत्यक्ष हिशेबाकडे वळावे. यातील रकमा उदाहरणादाखल धरलेल्या आहेत. प्रत्येक घराने त्या ठिकाणी आपापले आकडे घालावेत. समजा, चार वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी दरवर्षी प्रारंभी दीड लाख, याप्रमाणे एकूण सहा लाख रुपये कर्ज घेतले. व्याजाचा दर शेकडा दहा. शिक्षण चालू असताना आणि त्यानंतर एक वर्ष हप्ता भरावा लागत नाही, आणि या काळात व्याज सरळ पद्धतीने आकारले जाते. अनेकांची समजूत अशी असते की, हप्ता नाही म्हणजे व्याजही नाही. वस्तुस्थिती निराळी आहे. पहिल्या वर्षीच्या दीड लाखावर पाच वर्षांचे, दुसऱ्यावर चार, तिसऱ्यावर तीन आणि चौथ्यावर दोन वर्षांचे व्याज साचते. ते एकंदर दोन लाख दहा हजार होते. म्हणजे ज्या दिवशी पहिला हप्ता देय होतो, त्या दिवशी कर्ज सहा लाखांचे नसते; ते आठ लाख दहा हजारांचे झालेले असते.

हे कर्ज दहा वर्षांत फेडावयाचे ठरविले तर दरमहाचा हप्ता सुमारे दहा हजार सातशे रुपये पडतो, आणि एकंदर भरणा पावणेतेरा लाखांच्या वर जातो. हप्ता हलका व्हावा म्हणून मुदत पंधरा वर्षांची केली तर तो आठ हजार सातशेवर येतो. परंतु एकंदर भरणा पंधरा लाख सहासष्ट हजारांच्या पुढे जातो. दरमहा दोन हजारांच्या सवलतीसाठी पावणेतीन लाखांहून अधिक रक्कम मोजावी लागते. उलट शिक्षण चालू असतानाच व्याज भरीत गेले, तर पहिल्या हप्त्याच्या दिवशी कर्ज सहा लाखच राहते आणि दहा वर्षांचा हप्ता सात हजार नऊशेच्या आसपास येतो. ही काटकसर सर्वांना साधणारी नाही, हे खरे. पण ज्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत आहे, त्याच्यासाठी हप्तेबंदीच्या काळातील व्याज भरण्याची केंद्र सरकारची योजना २००९ सालापासून आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या प्रधानमंत्री विद्यालक्ष्मी योजनेत आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांना, निवडक संस्थांतील शिक्षणासाठी, दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर शेकडा तीन व्याजसवलत आहे. आपली संस्था आणि आपला अभ्यासक्रम या योजनांत बसतो की नाही, हे प्रवेश घेण्यापूर्वी विचारावयाचे असते. पदवी मिळाल्यावर नव्हे.

खर्चाची बाजू झाली. आता कमाईची. येथे पहिला घोटाळा होतो तो सरासरीमुळे. महाविद्यालयाच्या माहितीपत्रकात सर्वांत मोठे वेतन ठळक अक्षरांत असते आणि त्याखाली सरासरी. समजा, दहा विद्यार्थ्यांपैकी एकाला वर्षाला वीस लाख मिळाले आणि नऊ जणांना तीन-तीन लाख. सरासरी चार लाख सत्तर हजार येते. हे वेतन दहांपैकी एकालाही मिळालेले नसते. म्हणून विचारावे ते मध्यक, म्हणजे सर्वांना वेतनाच्या चढत्या क्रमाने उभे केले असता मधोमध उभ्या असलेल्या विद्यार्थ्याचे वेतन. आणि त्याच दमात दुसरा प्रश्न विचारावा: या रांगेत उभे कोण आहेत? ज्यांना नोकरीच मिळाली नाही, त्यांना रांगेतून वगळले असेल तर मधला विद्यार्थीही खरा मधला राहत नाही.

दुसरा घोटाळा होतो तो ‘पॅकेज’ या शब्दामुळे. साडेतीन लाखांचे पॅकेज म्हणजे महिन्याला एकोणतीस हजार हातात, असे नव्हे. भविष्यनिर्वाह निधीतील मालकाचा वाटा, उपदान, कामगिरीवर अवलंबून असलेली रक्कम या साऱ्यांची बेरीज त्या आकड्यात असू शकते. हातात महिन्याला पंचवीस हजार पडतात, असे धरू. मुलगा चाकणला किंवा वाळूजला एखाद्या कारखान्यात लागला. खोलीचा वाटा, खाणावळ, जाणे-येणे, किरकोळ खर्च मिळून तेरा हजार होतात, असेही धरू. त्यातून दहा हजार सातशेचा हप्ता वजा जाता शिल्लक राहतात तेराशे रुपये. या तेराशे रुपयांत घरी काही पाठवावयाचे, आजारपण निभवावयाचे आणि दिवाळीही करावयाची. चार वर्षांपूर्वी ज्या घराने सर्व आशा या मुलावर ठेवली होती, त्या घरात आता धाकट्या बहिणीच्या शिक्षणाचा विषय निघाला की सारे गप्प होतात. कर्जाचा खरा भार बँकेच्या कागदावर दिसत नाही. तो या गप्प बसण्यात दिसतो.

येथवर विचार झाला तो कर्ज परवडते का, याचा. पदवी फायद्याची आहे का, हा प्रश्न निराळा आहे. त्यासाठी हप्त्याची तुलना पदवीमुळे वाढलेल्या कमाईशी करावी लागते. समजा, याच मुलाच्या मित्राने दहावीनंतर तीन वर्षांची पदविका घेतली, कर्ज काढले नाही, आणि आज तो महिन्याला अठरा हजार मिळवितो. पदवीधराचे पंचवीस हजार त्याहून सात हजारांनी अधिक. पण हप्ता दहा हजार सातशे. म्हणजे हप्ता वजा जाता पदवीधराच्या हाती चौदा हजार तीनशे उरतात आणि पदविकाधारकाच्या हाती अठरा हजार. पहिल्या वर्षी पदवीधर मागे आहे.

पण चित्र येथे थांबत नाही. पदवीधराचे वेतन दरवर्षी शेकडा दहाने आणि पदविकाधारकाचे शेकडा सहाने वाढत गेले, असे धरले तर नोकरीच्या चौथ्या वर्षी पदवीधर पुढे जातो. अकराव्या वर्षी, कर्ज फिटल्यावर, त्याच्या हाती महिन्याला सुमारे पासष्ट हजार येतात, तर मित्राच्या हाती बत्तीस हजार. मूळ गुंतवणूक वाया गेली, असे कोणीही म्हणणार नाही. हेच वेतन दोघांचेही शेकडा सहानेच वाढले, असे धरले तर मात्र पदवीधराला पुढे जाण्यास नवव्या वर्षापर्यंत वाट पाहावी लागते. सगळा हिशेब त्या एका वाढीच्या दरावर उभा आहे, आणि नेमका तोच आकडा कोणत्याही माहितीपत्रकात नसतो. औद्योगिक अभियंता कारखान्यात एखादे नवे यंत्र घेण्यापूर्वी असाच हिशेब दोनदा मांडतो: एकदा आशेच्या आकड्यांनी आणि एकदा भीतीच्या आकड्यांनी. दोन्ही वेळा यंत्र टिकले तर ते घ्यावे, हा त्याचा दंडक असतो.

या आकडेमोडीतून एक गोष्ट निघते, आणि साऱ्या विषयाचे मर्म तीच आहे. पदवीचे फळ तीस-चाळीस वर्षे मिळत राहते. कर्ज मात्र पहिल्या दहा वर्षांत फेडावयाचे असते, आणि त्या दहांतही पहिली तीन-चार वर्षे वेतन सर्वांत कमी असते. वर धरलेल्या उदाहरणात पहिल्या वर्षी हप्ता वेतनाचे शेकडा त्रेचाळीस खातो. पाच वाढी मिळाल्यावर तोच हप्ता शेकडा सत्तावीसवर येतो. कर्ज तेच, विद्या तीच, माणूस तोच. बदलला तो काळ. पाणी विहिरीत आहे, पण हप्त्याची तारीख पाण्याच्या आधी येते.

अमेरिकेचा अनुभव याच निष्कर्षाला पुष्टी देतो. तेथील श्रमसांख्यिकी विभागाच्या मे २०२४ च्या आकडेवारीनुसार औद्योगिक अभियंत्यांचे मध्यक वार्षिक वेतन १,०१,१४० डॉलर होते. आईवडिलांवर अवलंबून असलेल्या पदवीच्या विद्यार्थ्याला तेथील केंद्र सरकारकडून स्वतःच्या नावावर एकंदर ३१,००० डॉलरपर्यंतच कर्ज मिळते. शेकडा साडेसहा व्याजाने आणि दहा वर्षांच्या मुदतीने त्याचा हप्ता महिन्याला सुमारे ३५२ डॉलर होतो. म्हणजे त्या मध्यक वेतनाच्या शंभरातले चार-सव्वाचार. अर्थात ते वेतन नवख्यांचे नव्हे, सर्व वयाच्या अभियंत्यांचे आहे. आणि खासगी कर्ज व आईवडिलांनी काढलेले कर्ज त्यात धरलेले नाही. तरीही या शाखेच्या पदवीधराला तेथे कर्ज सहसा बुडवीत नाही, असे म्हणता येते. मग त्या देशात विद्यार्थ्यांच्या कर्जाची एवढी हाकाटी का? तेथील अभ्यासकांना आढळले ते असे, की सर्वांत मोठे कर्ज घेतलेल्यांपेक्षा लहान कर्ज घेतलेल्यांचे हप्ते अधिक प्रमाणात थकतात. कारण त्यांच्यातील पुष्कळांनी शिक्षण अर्धवट सोडलेले असते. कर्ज उरले, पदवी नाही.

भारतातील अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना हा धोका परका नाही. पहिल्या वर्षाचे गणित मागे राहते, विषय साचत जातात आणि एक वर्ष वाया जाते. वरील उदाहरणात एका वर्षाच्या विलंबाने सहा लाखांवर आणखी साठ हजारांचे व्याज चढते, आणि त्याशिवाय पहिल्या वर्षाचे तीन लाखांचे वेतन हातचे जाते. म्हणून महाविद्यालयाला विचारावयाचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न मोठ्या वेतनाचा नसून हा आहे: या शाखेत ज्यांनी प्रवेश घेतला, त्यांपैकी किती जण ठरलेल्या मुदतीत उत्तीर्ण होऊन बाहेर पडले? अमेरिकेत २०१५ साली सरकारने एक सार्वजनिक गुणपत्रक सुरू केले. त्यात महाविद्यालयागणिक किती विद्यार्थी शिक्षण पूर्ण करतात हे दिलेले असते. कर्जाचे आणि कमाईचे मध्यक तर पुढे शाखेगणिकही दिले जाऊ लागले. आपल्याकडेही असे एकसारखे, तपासलेले आकडे शाखाशाखांचे मिळू लागतील, तर कितीतरी घरांचा अंधारातील प्रवास टळेल.

जोखीम कोणी सोसावी, हा प्रश्न मात्र एकट्या कुटुंबाचा नाही. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी १९१३ साली भीमराव आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी शिष्यवृत्ती दिली, तेव्हा शिक्षणानंतर दहा वर्षे संस्थानची सेवा करावी, असा करार झाला होता. फेड पैशाने नव्हे, सेवेने करावयाची होती. १९१७ साली ते बडोद्यास रुजू झाले. परंतु अस्पृश्य म्हणून त्यांना राहावयास जागा मिळेना, आणि थोड्याच दिवसांत त्यांना ते शहर सोडावे लागले. विद्येत उणीव नव्हती, उणीव समाजात होती. शिकलेल्या माणसाची कमाई केवळ त्याच्या गुणांवर ठरत नाही. समाज त्याला कोणते दार उघडतो, यावरही ती ठरते. मग फेडीचा सारा भार त्याच्या एकट्याच्याच माथी का असावा? अर्थशास्त्रज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनी १९५५ साली असे सुचविले होते की, शिक्षणासाठी पैसा देणाऱ्याने ठरावीक हप्ता न मागता पुढील कमाईचा काही हिस्सा घ्यावा. ऑस्ट्रेलियाने १९८९ पासून आपल्या पद्धतीने हे तत्त्व अमलात आणले: उत्पन्न ठरावीक मर्यादेपलीकडे गेले तरच करासोबत कर्जाची वसुली होते, त्याखाली असेल तर ती थांबते. तेथे पाणी लागल्यावर हप्ता येतो. भारतीय बँकांच्या कर्जात हप्ता कमाईकडे पाहत नाही. आयकरात, जुन्या करपद्धतीत, व्याजाची वजावट मिळते खरी. पण ज्याचे वेतन कर भरण्याइतकेही नाही, त्याला त्या वजावटीचा काय उपयोग? ज्याला आधाराची अधिक गरज, त्याच्या वाट्याला तो कमी, असा हा उफराटा न्याय आहे.

जुलै २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षणशुल्क व परीक्षाशुल्क पूर्ण माफ केले. यामुळे अशा कितीतरी घरांत हिशेबच पालटला आहे. मुलीसाठी कर्ज कशाला काढावयाचे, असे म्हणणाऱ्या बापाला आता उत्तर आहे: वसतिगृहाचा आणि जेवणाचा खर्च सोडल्यास कर्ज काढावे लागतच नाही. त्याच घरात मुलाला कर्ज आणि मुलीला माफी, अशी स्थिती असेल तर अभियंता कोणी व्हावे, याचा विचार जुन्या सवयीने होऊ नये.

मग कुटुंबाने काय करावे? पहिला हप्ता सुरू होईल त्या दिवशी एकंदर कर्ज मधल्या विद्यार्थ्याच्या एका वर्षाच्या वेतनाइतके असेल तर निश्चिंत राहावे. दोन वर्षांच्या वेतनाहून अधिक होत असेल तर पुन्हा विचार करावा, असा एक साधा ठोकताळा बाळगण्यास हरकत नाही. वरील उदाहरणात ते दोन वर्षांच्या वेतनापलीकडे गेले आहे, हे चाणाक्ष श्रोत्यांच्या ध्यानी आले असेल. अशा वेळी पदवीच सोडून द्यावी, असे नाही. तीच विद्या कमी शुल्काच्या शासकीय महाविद्यालयात यंत्र वा उत्पादन अभियांत्रिकीच्या वाटेने मिळते का, हे पाहावे. पदविका घेऊन थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश घेतला तर पदवीच्या शुल्काचे एक वर्ष वाचते, हे लक्षात घ्यावे. घराजवळचे महाविद्यालय वसतिगृहाचा खर्च वाचवीत असेल तर त्याचे मोल जाणावे. शक्य तेवढे व्याज शिकत असतानाच भरावे. आणि अभ्यास मुदतीत पूर्ण करणे हीच सर्वांत मोठी बचत आहे, हे मुलाला कोणी तरी प्रेमाने, पण स्पष्ट शब्दांत सांगावे.

विद्येची किंमत रुपयांत पूर्णपणे होत नाही, हे खरेच आहे. घरातला पहिला अभियंता केवळ वेतन आणीत नाही. तो धाकट्यांना वाट दाखवितो, आईबापांची मान उंचावतो. ही जमा कोणत्याही ताळेबंदात मांडता येत नाही. परंतु जी गोष्ट मोजता येत नाही, तिच्या नावाने मोजता येणाऱ्या गोष्टीही न मोजणे, हा विद्येचा सन्मान नव्हे. उलट हिशेब न करता घेतलेल्या कर्जाने पुष्कळदा त्या न मोजता येणाऱ्या गोष्टींवरच घाला येतो. धाकट्या बहिणीची शाळा, आईचे औषध, मुलाची झोप यांवर तो आधी येतो.

टेलर यांनी हातात घड्याळ घेतले ते दुसऱ्याच्या श्रमाचे क्षण मोजण्यासाठी. आजच्या विद्यार्थ्याने ते आपल्या स्वतःच्या येत्या पंधरा वर्षांसमोर धरावे. प्रवेशाचा कागद आणि कर्जाचा कागद शेजारी शेजारी ठेवून, बापलेकांनी एक संध्याकाळ कागद-पेन्सिल घेऊन बसावे. आईला आणि त्या धाकट्या बहिणीलाही बोलवावे, कारण हप्त्याचा वाटा त्यांच्याही पानातून जाणार आहे. हिशेब जुळला तर सही निर्धास्तपणे करावी. जुळला नाही तर दुसरी विहीर पाहावी. विद्येचे पाणी एकाच जागी असते असे नाही. आणि काहीही ठरले, तरी तो दुसरा कागद त्या घरात एकदा तरी मोठ्याने वाचला गेलेला असेल.